माळावरचे चाळीस एकर: काळजी हवामानाची करावी की जागेची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बार्शी तालुक्यातल्या तुमच्या शाळेत नववीच्या वर्गाचा वादविवाद आहे, 'हवामान बदल मोठा की अधिवासाचा नाश'. नेमका त्याच आठवड्यात गावच्या चाळीस एकर गायरानावर 'हवामान वन' लावायचा एका कंपनीचा प्रस्ताव ग्रामपंचायतीत आलाय. मुलं म्हणतात, झाडं लावली की दोन्ही प्रश्न सुटले. तुम्ही विचारता, हे खरं का, आणि लोकांनी जास्त काळजी नक्की कशाची करावी?

मॅडम, उत्तर आधी सांगतो, कारणं मागून येतील. जमिनीवरच्या वन्यजीवांपुरतं बोलायचं, तर आज आणि आपल्या भागात जागेची काळजी आधी. हवामान बदल किरकोळ आहे असं माझं म्हणणं नाही. तो झेलायलासुद्धा प्राण्याच्या पायाखाली काहीतरी लागतं, एवढंच. आणि झाडांचं म्हणाल, तर मुलं चुकतायत. पण त्यांना हसू नका. त्यांच्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा असताना हीच चूक मी दोन हजार खड्डे खणून केली आहे.

कॉलेज संपल्या-संपल्याची गोष्ट. पुणे-सोलापूर रस्त्यापासून आत एका गावच्या माळावर आम्ही पोरंपोरी रोपं लावायला गेलो. गिरिपुष्प, सुबाभूळ, थोडा कडुनिंब. मुरूम असा कडक की पहार मारली की ठिणगी उडायची. माळावर एक धनगर म्हातारा मेंढरं घेऊन होता. दोन दिवस काठीवर हनुवटी टेकून तो नुसता बघत राहिला. तिसऱ्या दिवशी जवळ आला, गिरिपुष्पाचं पान चुरगाळून हुंगलं आणि म्हणाला, "ह्याला मेंढरू तोंड लावत न्हाई. गवताची जागा कशाला घालवता, पोरांनो?" आम्ही त्याला पर्यावरण समजावून सांगितलं. चांगलं तासभर. त्यानं ऐकून घेतलं, भला माणूस.

पुढं मी याच कामात पडलो. पक्षी मोजायला, खोकडाची, म्हणजे माळावरच्या लहान कोल्ह्याची, बिळं शोधायला त्या भागात वर्षानुवर्षं जात राहिलो. आमची निम्मी रोपं पहिल्याच उन्हाळ्यात गेली. जी जगली त्यांच्या सावलीखाली कुसळी आणि पवन्या ही गवतं विरळ होत गेली. चंडोलांची घरटी थांबली, धाविक पक्षी दिसेनासा झाला, खोकडानं बिळं सोडली. त्या जागी बुलबुल आले, होले आले, म्हणजे गावातल्या कुठल्याही परसात दिसतात तेच पक्षी. लांबून बघणाऱ्याला माळ हिरवा झाला होता. त्या गावावरून जायची वेळ आली की मी अजून दुसऱ्या रस्त्यानं जातो.

आता मोठा दाखला घेऊ. तुम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या, त्यामुळं नान्नज सांगायला नको. १९७९ साली तिथं माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर झालं, कागदावर तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली गावंच्या गावं, लोकांच्या मालकीची रानं आली. जमिनीच्या व्यवहारांना अडचणी आल्या, लोक वैतागले. माळढोकाचं नाव काढलं की चहा मिळायचा बंद व्हायचा, हा माझा स्वतःचा अनुभव. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि शेवटी हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. पण तोवर उजनी धरणाचं पाणी फिरलं होतं. ज्वारी, करडई, हरभऱ्याच्या उघड्या रानात माळढोक चरायचा. तिथं ऊस उभा राहिला. उसात माळढोक शिरत नाही. त्याला चारी दिशांना लांबवर दिसावं लागतं, मादी उघड्या जमिनीवर अंडं घालते, तेही बहुधा एकच. अभयारण्याचा नकाशा केवढाही मोठा असला तरी खरा माळ त्यात तुकड्या-तुकड्यांनीच उरला होता, आणि त्या तुकड्यांच्या मधलं रान पक्ष्याच्या दृष्टीनं बंद झालं होतं.

आकडे बघा. देशभरातल्या माळढोकांचा १९६९ चा अंदाज १,२६० च्या आसपास होता. २००८ मध्ये तो ३०० वर आला आणि गेल्या दशकात दीडशेच्या आत. पन्नास वर्षांत दहातले जवळपास नऊ गेले. त्याच काळात तापमान वाढलं का? वाढलं. १९०१ ते २०१८ या सबंध काळात मिळून भारताची सरासरी सुमारे ०.७ अंशांनी वर गेली. आता जो पक्षी जैसलमेरचा उन्हाळा काढतो त्याला पाऊण अंशानं मारलं असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं एकदा माझ्याबरोबर यावं. माळढोक आधी बंदुकीनं गेला, मग नांगरानं आणि कालव्यानं, आणि उरलासुरला विजेच्या तारांनी.

तुमच्या वर्गातली दुसऱ्या बाजूची मुलं हुशार असतील तर इथं एक उंदीर पुढं करतील. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला टॉरेस सामुद्रधुनीत ब्रॅम्बल के नावाचं वाळूचं एक चिमुकलं बेट आहे, आपल्या एखाद्या मोठ्या शेताएवढं. तिथं मेलोमिस जातीचा उंदीर होता, जगात दुसरीकडे कुठंच नाही. तो नामशेष झाल्याचं शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये सांगितलं आणि ऑस्ट्रेलिया सरकारनं २०१९ मध्ये मान्य केलं. माणसानं घडवलेल्या हवामान बदलानं संपलेला पहिला सस्तन प्राणी म्हणून त्याची नोंद होते. दाखला पक्का आहे, मी तो खोडणार नाही. फक्त तो उंदीर गेला कसा ते विचारा. उन्हानं तडफडून नाही गेला. समुद्राचं पाणी वारंवार बेटावर चढलं आणि २००४ ते २०१४ या दहा वर्षांत तिथली सुमारे ९७ टक्के हिरवळ गेली. खायला काही उरलं नाही, लपायला काही उरलं नाही. हवामानानंसुद्धा शेवटी त्याचं घरच नेलं.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती फिरतं. हवामान बदल हाही जागा बळकावणाराच आहे. नांगर, जेसीबी, ऊस, प्लॉटिंग यांच्याच रांगेत तो उभा आहे. फरक इतकाच की तो रांगेत उशिरा आला आणि त्याची ताकद दर वर्षी वाढतेय.

हे जवळून बघायचं असेल तर एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी माळावर माळटिटवीच्या घरट्यापासून लांब, झुडपाआड बसा. घरटं कसलं, मुरमात जरासा खळगा, कडेनं चार खडे, आत चार अंडी, खड्यांच्याच रंगाची. दुपारी एक वाजता त्या मुरमावर हात ठेवून बघा, मनात पाच मोजायच्या आत काढाल. अंड्यातला जीव एवढं ऊन फार वेळ सोसत नाही. म्हणून टिटवी दुपारी अंडी उबवत नाही, थंड ठेवते. पंख थोडे सोडून, चोच उघडी टाकून ती अंड्यांवर नुसती उभी राहते, म्हणजे आपली सावली त्यांच्यावर पडेल अशी. अधूनमधून उठते, पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन ओलं पोट अंड्यांवर टेकवते. 'टिटवी देखील समुद्र आटवी' ही म्हण ज्यानं केली त्यानं हे पाहिलं असेल की नाही कोण जाणे, पण माझ्या डोळ्यांसमोर त्या म्हणीबरोबर हीच फेरी येते.

आता हिशोब करा. पाणी दोनशे पावलांवर असेल तर ती गेली, भिजली, आली. अंडी काही मिनिटंच उघडी राहिली. ऊन दोन अंशांनी वाढलं तर ती दोन फेऱ्या जास्त मारेल. जमेल तिला. पण ओढ्यातलं डबकं बुजवून तिथं विटांची भट्टी आली असेल आणि उरलेलं पाणी प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या, तारेच्या कुंपणातल्या उभ्या कडांच्या शेततळ्यात असेल, तर पक्ष्याला पाय टेकवायला काठच नाही. मग तिला अर्धा किलोमीटर जावं लागतं. तेवढ्यात गावची दोन मोकाट कुत्री माळावरून गेली की संपलं. त्या वर्षी घरटं बुडालं. दोष कुणाच्या नावावर टाकायचा, उन्हाच्या की डबक्याच्या? प्रत्यक्षात दोघांनी मिळून मारलं. पण डबकं परत खणता येतं. मे महिन्यातलं ऊन बार्शीच्या ग्रामसभेत ठराव करून कमी होत नाही.

जगाच्या पातळीवरही क्रम हाच लागलाय. आयपीबीईएस ही जैवविविधतेवरची आंतरसरकारी संस्था आहे. तिनं २०१९ साली हजारो अभ्यास तपासून सांगितलं की सुमारे दहा लाख जाती नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत. कारणांत पहिला क्रमांक जमीन आणि समुद्र यांच्या बदललेल्या वापराचा. दुसरा शिकार-मासेमारी-तोडीचा. हवामान बदल तिसरा, मग प्रदूषण, मग बाहेरून आलेल्या आक्रमक जाती. समुद्रापुरता पहिला मान मासेमारीचा. हा क्रम आजवर झालेल्या नुकसानीचा आहे, हे मुलांना नीट सांगा. पुढची पन्नास वर्षं तो असाच राहील असं त्यात कुठं म्हटलेलं नाही, आणि तिसरा क्रमांक वर सरकतोय याबद्दल जाणकारांत फारसं दुमत नाही.

काही ठिकाणी तर हवामान आजच पहिलं आहे. प्रवाळ घ्या. समुद्राचं पाणी थोडे आठवडे नेहमीपेक्षा अंशभर जास्त तापलं की प्रवाळ आपल्या आतलं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपनं हे १९९८ मध्ये मोठ्या प्रमाणावर पाहिलं, मालवणच्या प्रवाळांतही ते दिसलं आहे. आयपीसीसी या हवामान बदलावरच्या आंतरसरकारी संस्थेच्या २०१८ च्या अहवालानुसार दीड अंश वाढीला जगातले ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील आणि दोन अंशांना जवळपास सगळेच. तिथं कुंपण घालून, पहारा बसवून भागत नाही. वेळासच्या किनाऱ्यावरच्या कासवांचंही तसंच. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. वाळू तापली की माद्याच माद्या. हिमालयाच्या माथ्याजवळ राहणाऱ्यांना तर आणखी वर सरकायला डोंगरच उरत नाही. कोकणातल्या एखाद्या मच्छीमार गावातून हा प्रश्न आला असता तर माझं उत्तर वेगळं झालं असतं.

आणि माणसांचं म्हणाल तर तिथंही मी गप्प बसतो. मध्य भारतात मोठ्या टापूवर कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस १९५० ते २०१५ या काळात तिपटीनं वाढला, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय. तुमच्याकडच्या द्राक्षबागायतदाराला हवामानाची काळजी करू नको असं सांगायला मी येणार नाही, दगड खाईन. प्रश्न वन्यजीवांचा होता म्हणून मी जागेच्या बाजूनं बोलतोय.

मुलं एक जुना मुद्दाही काढतील: हवामान तर पूर्वीही बदलत आलंय, प्राणी जगलेच ना? जगले, कारण ते चालत गेले. थंडी वाढली तर खाली, ऊन वाढलं तर वर, पाऊस हटला तर त्याच्या मागं. पिढ्यान्‌पिढ्या, सावकाश. आता वेग वाढलाय आणि वाटही बंद झाली आहे. इंदापूरच्या माळावरच्या लांडग्याला पूर्वेकडे सरकायचं ठरवलं तर मध्ये ऊस, कालवा, चौपदरी रस्ता, एमआयडीसीची भिंत, परत ऊस. रेहेकुरीचं काळविटांचं अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचं आहे, सुप्याचं मयूरेश्वर ५.१४ चं. सकाळी फिरायला निघालेला माणूस तासाभरात दुसऱ्या टोकाला पोचतो. एवढ्याशा बेटावर अडकलेल्या कळपाला हवामान बदललं तर जायचं कुठं? आणि जमिनीची ही मोडतोड स्वतःच हवामान बिघडवते. शेती, जंगलतोड आणि जमिनीचा इतर वापर मिळून माणसाच्या उत्सर्जनातला सुमारे २३ टक्के वाटा उचलतात, असं आयपीसीसीनं २०१९ मध्ये मांडलं. म्हणजे जागा वाचवणारा माणूस हवामानाचंही थोडं काम फुकटात करून टाकतो. उलट बाजूनं हे आपोआप होत नाही, आणि इथं मला खरी धास्ती वाटते.

हवामानाच्या नावानं जागा खाल्ली जातेय. हे मी रागानं लिहितोय, माफ करा.

सुरुवात झाडांपासून. महाराष्ट्रात २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी रोपांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. सगळी रोपं माळावर गेली असं मुळीच नाही. पण खड्डे घ्यायला मोकळी, विनातक्रार सरकारी जागा कुठं सापडते? पडीक म्हणून नोंदवलेल्या माळावर. इंग्रजांच्या महसूल खात्याला ज्या जमिनीतून सारा मिळत नव्हता ती त्यांनी पडीक धरली आणि तीच नजर आपल्या दप्तरात उतरली. सातबाऱ्यावर 'पोटखराबा' हा शब्द वाचा. जिथं धाविकाची पिल्लं फिरतात त्या जमिनीला आपण खराबा म्हणतो. देशपातळीवरही पडीक जमिनींचे नकाशे आहेत आणि त्यांत गवताळ प्रदेश मोठ्या प्रमाणावर येतात. भारतानं २०३० पर्यंत २.६ कोटी हेक्टर जमीन 'पुनरुज्जीवित' करायचा शब्द दिलाय. ते पुनरुज्जीवन म्हणजे दर वेळी झाडंच असं कुणी धरून चाललं तर माळांचं काय होणार, वेगळं सांगायला नको. आयपीसीसी आणि आयपीबीईएस यांच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एकत्र बसून लिहिलं, त्यातही हा इशारा आहे: जिथं मुळात जंगल नव्हतं तिथं झाडं लावू नका. गवताचा बहुतेक कार्बन जमिनीखाली, मुळांत आणि मातीत असतो. वणवा आला तर वरचं गवत जळतं, खालचा साठा राहतो. झाडांसाठी पाणी अडवायला उताराला आडवे सलग समतल चर मारताना जेसीबी नेमकी तीच माती उलथी करतो. कार्बन साठवायला कार्बनच उकरायचा, अशी ही तऱ्हा.

मग तारा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. उडताना तो खाली जमीन बघत असला की समोरचं त्याला दिसत नाही, आणि अंगानं इतका जड की ऐनवेळी वळता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अंदाजानुसार थर वाळवंटातल्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरांत वर्षाला ८४,००० च्या घरात पक्षी तारांवर आपटून मरतात. सगळ्या जातींचे मिळून. त्यात माळढोकही. तारा कसल्या, तर मोठ्या प्रमाणात सौर आणि पवनऊर्जेच्या. निवृत्त सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२१ मध्ये न्यायालयानं तारा जमिनीखालून घ्यायला सांगितलं. सरकारनं म्हटलं की ९९,००० चौरस किलोमीटरांवर हे शक्य नाही आणि देशाच्या हवामानविषयक वचनांना त्यानं अडथळा येतो. मार्च २०२४ मध्ये न्यायालयानं तो सरसकट आदेश मागं घेतला, तज्ज्ञांची समिती नेमली, आणि त्याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा नागरिकांचा हक्क म्हणून मान्य केला. मी त्या निकालावर चिडलो नाही. न्यायाधीशांपुढं खरोखरच दोन रास्त गोष्टी आल्या होत्या. पण तुमच्या वादविवादाचा विषय एकाच खटल्यात, एकाच पक्ष्याच्या डोक्यावर असा येऊन बसलाय, तो मुलांना वाचायला द्याच.

जवळचं उदाहरण हवं असेल तर साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार. पवनचक्क्यांचं जंगल. तिथल्या खडकाळ सड्यावर एक सरडा राहतो, नराच्या गळ्याखाली निळा, काळा, केशरी असा पंखा. उन्हात दगडावर चढून तो पंखा उघडतो-मिटतो तेव्हा हातातली वही खाली राहते. २०१६ मध्ये या सरड्यांचा नवा गट शास्त्रात नोंदला गेला, त्याला नाव दिलं 'सराडा'. आपला मराठी सरडाच, रोमन लिपीत गेलेला. २०१८ मध्ये तिथलाच एक अभ्यास छापून आला. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी इतर भागापेक्षा जवळपास चौपट कमी. ते कमी, म्हणून सरडे जास्त. सरडे जास्त म्हणून अन्नाला ओढ, अंगानं रोड, गळ्याचे रंग फिके, आणि माणूस जवळ गेला तरी लवकर न पळणारे. एका पात्यानं घार-ससाण्यांपासून सरड्याच्या रंगापर्यंत सगळी साखळी हलवली. पवनचक्की वाईट असं मी म्हणत नाही. कोळशापेक्षा ती कितीतरी बरी. पण सौर आणि पवन प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेखालची परवानगी लागत नाही. म्हणजे जनसुनावणीही नाही. हिरवं आहे म्हणून विचारायचंच नाही, हे मला पटत नाही. घरांची आणि गोदामांची छपरं, कालव्याच्या कडा आधी भरून होऊ द्यात, मग माळाकडे बघू.

आता 'लोकांनी काळजी' या शब्दांकडे येतो. हवामानाची काळजी आज भरपूर आहे. बातम्यांत आहे, शाळेच्या चित्रकला स्पर्धेत आहे, संस्थांच्या प्रस्तावांत तर इतकी आहे की आमच्या क्षेत्रातले लोक खोकडाच्या बिळांच्या मोजणीलाही 'क्लायमेट' शब्द चिकटवतात, पैसे लवकर सुटतात म्हणून. मीही चिकटवलाय. पण या काळजीला मूठ नाही. ती हातात कुठून धरायची ते कुणालाच कळत नाही, त्यामुळं माणूस एक रोप लावतो, फोटो काढतो आणि मोकळा होतो. जागेच्या काळजीला गट नंबर असतो. तिच्या फायलीवर तारीख असते, सही असते, ग्रामसभा असते. ती करणाऱ्याला शेजाऱ्याशी वाईटपणा घ्यावा लागतो, म्हणून तर ती कमी लोक करतात. हवामानासाठी मतदान करा, वीज कशी बनते यावर भांडा, ते काम मोठ्या माणसांचं आणि मोठ्या शहरांचं आहे. तुमच्या गावाच्या वाट्याला चाळीस एकर आलेत.

तर त्या चाळीस एकरांचं. तलाठ्याकडून सातबारा काढा, गुरचरण नोंद आहे का बघा. गुरचरण असेल तर चराईवर जगणाऱ्या घरांना विचारल्याशिवाय ठराव होऊ देऊ नका. ग्रामपंचायतीत २००२ च्या कायद्याखालची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर तरी असेलच. तिची लोकजैवविविधता नोंदवही मागवा आणि माळावरचं गवत, पक्षी, मेंढपाळांच्या वाड्यांच्या जागा तिच्यात मुलांकडून भरून घ्या. एकदा लिहिलेलं असलं की 'इथं काही नाही' म्हणणं अवघड जातं.

कंपनीला हाकलू नका. त्यांच्याकडे पैसे आहेत आणि बहुधा हेतूही चांगला आहे. झाडं ओढ्याच्या काठानं लावायला सांगा, करंज, जांभूळ, उंबर. शाळेभोवती लावा, बांधांवर लावा. माळावर मुळातच हिवर-बोरी उभ्या असतील तर त्यांना हात लावू नका, पण भर घालू नका आणि चर तर अजिबात नको. उरलेल्या पैशांतून राखणदाराचा पगार निघू द्या, उथळ उताराचे दोन पाणवठे होऊ द्या. आसपासच्या प्लास्टिकच्या शेततळ्यांत एका कडेनं जाड दोरखंडाची जाळी सोडायला सांगा. पाणी प्यायला उतरलेला खोकड किंवा लांडगा चढून बाहेर येईल, नाहीतर बुडून मरतो. मी काढलेत मेलेले, वर्गात ते वर्णन नको. गवत बी झडल्यावर कापायचं, म्हणजे दिवाळीनंतर, आणि एका बाजूचा पट्टा उभाच ठेवायचा. कोणता ते दर वर्षी बदला. कापलेल्या गवताचा लिलाव गावातच करा.

फलकावर 'हवामान वन' हेच नाव लिहायचं असा कंपनीचा हट्ट असेल तर लिहू द्यात. टिटवी फलक वाचत नाही.

वादविवादात कोण जिंकलं ते कळवा. आणि मे महिन्यात सुट्टी असते हे माहीत आहे, तरी दोन-चार मुलं गावात असतीलच. त्यांना एक घरटं लांबून दाखवा, पन्नास पावलांच्या आत जायचं नाही असं बजावून. दुपारी बारा ते तीन टिटवी पाण्याला किती वेळा गेली आणि दर वेळी किती मिनिटांनी परत आली, एवढंच वहीत उतरवायचं. पाणवठा करण्याआधीचं एक वर्ष आणि नंतरचं एक. त्या दोन्ही वह्या मला बघायच्या आहेत.